कुत्रीचं बाळंतपण

मी एका कुत्रीचं बाळंतपण केलं, आणि ते मेंढ्यांच्या वारेवर केलं.

हे एक वाक्य लिहायला मी फार वेळ घेतला. माझे बाकीचे वेडेपणाचे किस्से नातवंडांना तोंडपाठ आहेत. लग्नात मुंडावळ्यांच्या आडून नीट दिसेना म्हणून मी नवऱ्याऐवजी धाकट्या दिरापुढं हार धरून उभी राहिले होते, ते त्यांना माहीत आहे. पहिला मोबाइल हातात आला तेव्हा तो उलटा कानाला लावून, मुंबईहून नवरा बोलत का नाही म्हणून मी रुसून बसले होते, तेही माहीत आहे. असल्या गोष्टी मीच सांगते, वरून तिखटमीठ मीच टाकते, आणि पोरं लोळून हसतात. कुत्रीची गोष्ट मात्र मी त्यांना सांगत नाही. तिच्यात हसण्याजोगं जे आहे ते सगळं सुरुवातीला आहे. ते लवकर संपतं.

वार म्हणजे मेंढी व्याली की कोकराच्या मागून जे पडतं ते. आमच्या माणच्या कोरड्या मुलखात ती पुरायची असते. मेंढरं कोंडायच्या वाड्यापासून लांब, बाभळीच्या बुडाशी, ढोपरभर खोल खड्डा घ्यायचा. वर माती, मातीवर दगड, दगडांवर काटे. का, ते कुणी सांगत नाही. पुरायची म्हणजे पुरायची.

माझं माहेर कुंडलकडचं. माणसं आमचीच, पण दोन पिढ्यांपूर्वी मेंढरं विकून पाण्याकडं जाऊन राहिलेली. तिथं म्हैस व्याली की वार पोत्यात बांधून वडाच्या फांदीला टांगायची. वडाला चीक असतो, म्हणून म्हशीला दूध वाढतं म्हणे. लग्न होऊन इथं आले तेव्हा पहिली मेंढी व्याली आणि मी शहाण्यासारखं विचारलं, "वड कुठं आहे?" सासू पदर तोंडाला लावून हसली. "वड? अगं, हितं बाभळ सावली देती तेच लय झालं."

तर खड्डा. इथली जमीन मुरमाड. कुदळ मारली की ठिणगी उडते आणि हात खांद्यापर्यंत झिणझिणतो. एका वारेला खड्डा घेईपर्यंत माझ्या तोंडाला फेस यायचा. त्यात मी आळशी. आता साठी उलटली, आता म्हणायला हरकत नाही. तेव्हा कुणी म्हटलं असतं तर त्याचं घर उन्हात बांधलं असतं.

ज्या वर्षाचं सांगते त्या वर्षी मी चाळिशी ओलांडली होती. अजून सासू झाले नव्हते, पण अक्कल सासूची आहे याबद्दल मला खात्री होती. वस्तीवरच्या बायकांत मी फार दयाळू म्हणून प्रसिद्ध होते. ही प्रसिद्धी मीच केली होती. मुंगीला साखर घातली तरी मी ती चार घरांत सांगून यायची.

वस्तीवर आमची समोरासमोर दोन घरं, मधे एकच अंगण. एका घरात मी. नवरा मुंबईला मार्केटात, मुलगा शिकायला साताऱ्याला. समोरच्या घरात माझी थोरली जाऊ. थोरले दीर जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्यामागं तिला एक मुलगा आणि एक मेंढरांचा कळप राहिला. मुलगा मोठा होऊन मुंबईला गेला, कळप तिच्याजवळ राहिला.

मी तिला अक्का म्हणते. अक्का बोलायला कमी आणि टोचायला भारी. अंगानं काटक, पायात वहाण पुरुषाची, हातात काठी. तिचा मुलगा दर सणाला फोन करायचा. अंगणातच रेंज यायची, अक्का फोनचा आवाज मोठा ठेवायची, त्यामुळं तिथलं बोलणं सगळं मला ऐकू यायचं. तसं ते घरात झालं असतं तरी मी ऐकलंच असतं.

"आई, आता ये इकडं. एकटी काय करतीस तिथं?"

"मेंढरं कोण बघंल?"

"विक की."

"मेंढरं कोण बघंल म्हनती मी."

एवढंच. दर सणाला तेच. मुलगा वाईट नव्हता. चाळीतली एक खोली, तीत तो, बायको, दोन लेकरं, आणि त्यात आईलाही बोलवत होता. पण अक्का एकदा त्या खोलीत आठवडाभर राहून आली होती. आली ती थेट वाड्यात जाऊन मेंढरांमधे बसली. मी चहा घेऊन गेले तर म्हणाली, "तितं भिताडाला पाठ लावून बसायचं आन् समुरच्या भिताडाकडं बघायचं. दिस मावळला का न्हाई, ते बी टीव्हीला इचारायचं." मेंढरं होती तोवर तिला जावं लागणार नव्हतं. हे तिलाही ठाऊक होतं, मुलालाही, आणि मलाही. मी हे सगळं जाणून होते, हे आधीच सांगून ठेवते.

कुत्री आली ती कुठून आली कुणास ठाऊक. तांबूस रंगाची, एक कान फाटलेला, पोट जमिनीला लागलेलं. आमच्या कडब्याच्या गंजीखाली शिरली आणि सकाळी पाहिलं तर पिलं. आमच्याकडं कुत्री व्याली की गल्लीतली पोरं घरोघर फिरून पीठ, गूळ, तेल मागून आणतात आणि तिला शिरा करून घालतात. तो पोरांचा खेळ. वस्तीवर तेव्हा लहान पोरं नव्हती. म्हणून मग चाळिशी उलटलेली बाई पातेलं घेऊन दारोदार निघाली. "कुत्री बाळंतीण हाय, काय तरी घाला." बायका हसत होत्या. मला वाटत होतं कौतुकानं हसतायत.

अंगणात चुलीवर शिरा हलवत बसले होते, तर अक्का काठीवर हनुवटी टेकून बघत उभी.

"माज्या बाळंतपणात तू मला कवा शिरा केला न्हाईस गं."

"आवं अक्का, तुमच्या बाळंतपणाला मी या घरात आलेच नव्हते."

"आली असतीस तरी केला नसतास. मला चार पाय न्हाईत."

शिरा दोन दिवसांत संपला. आणि तेवढ्यात अक्काच्या मेंढ्या व्यायला लागल्या.

व्याणारी मेंढी अक्का सांभाळायची. कोकरू आडवं आलं तर हात घालून सरळ करायची, नाकातोंडातला चिकटा पुसायची, आईच्या तोंडाशी ठेवायची. मग वार पाटीत घालून पाटी माझ्या हातात. तेवढंच माझं काम. पाटी घेऊन मी बाभळीकडं निघायची आणि ती तांबूस कुत्री मागून यायची, आचळं लोंबत, फासळ्या दिसत. मी एकदा कडक जमिनीकडं बघायची, एकदा कुत्रीकडं. पहिल्या दिवशी थोडा विचार केला. दुसऱ्या दिवसापासून तोही केला नाही. पाटी पालथी केली की कुत्री क्षणात सगळं फस्त करायची. माझा हात वाचायचा, तिला दूध यायचं, आणि देव वरून बघत असेलच असं मला वाटायचं.

पण माझी खरी हुशारी पुढंच. अक्काला कळू नये म्हणून मी रिकाम्या जागेवर दगड रचायची. नीट, एकावर एक, वर बोराटीचे काटे. बाभळीखाली अशा कितीतरी खोट्या समाध्या झाल्या. एकदा अक्का तिकडून आली आणि म्हणाली, "दगड बाकी चांगलं लावतीस हं." मी लाजले. खरंच लाजले. आज त्या बाईचं, म्हणजे माझं, तोंड आठवलं की आरशात बघवत नाही.

पिलं मोठी झाली ती त्याच खाण्यावर. पुढं पुढं असं झालं की वाड्यात मेंढी कळा देताना कण्हायला लागली, की ती पिलं येऊन जाळीबाहेर ओळीनं बसायची. पंगतीला बसल्यासारखी. मला त्याचंही कौतुक. शेजारणीला हाक मारून दाखवलं, "बघ, पाहुणं जमलं." तिनं कपाळाला आठी घातली. म्हणाली, "असलं बरं न्हाई दिसत." मला वाटलं जळते.

त्याच सुमाराला खालच्या ओढ्यापलीकडं कोंबड्यांच्या शेड उभ्या राहिल्या. मेलेल्या कोंबड्या पुरायच्या सोडून ते लोक ओढ्यात टाकायचे. मग काय, पाच गावची कुत्री ओढ्यात. आमची पिलंही त्यांच्यात गेली. दिवसभर ओढ्यात लोळायची, पोटं तट्ट. कुणाला त्रास नव्हता. वस्तीवर येणं बंद झालं, तशी मी त्यांना विसरूनही गेले. तांबूस कुत्री मात्र अधूनमधून दारात यायची, तुकडा खाऊन जायची.

पुढच्या वर्षी शेड बंद पडल्या. रोगराई म्हणा, तोटा म्हणा, मालक टाळं लावून गेला. ओढा कोरडा, त्यात कोंबडी नाही, आणि कुत्र्यांची ती एवढी मोठी टोळी, माणसाचं भय नसलेली.

पहिलं गेलं ते शेजारणीचं शेरडू. भर दुपारी, बांधावर. पोट फाटलेलं, पण खाल्लेलं नव्हतं. लोक म्हणाले लांडगा. वनखात्याचा माणूस आला, वाकून माग बघितला, उभा राहिला. "लांडगा न्हाई. कुत्री हायती. लांडगा असता तर आमाला काय करता आलं असतं. कुत्र्याचं आमच्याकडं काय न्हाई." ग्रामपंचायतीत गेलो तर ते म्हणाले, ही पाळीव नव्हेत, आमचं काय त्यात. म्हणजे रानाचीही नाहीत आणि गावाचीही नाहीत. मग कुणाची? हा प्रश्न सगळे एकमेकांना विचारत होते. मी कोंबडीवाल्याकडं बोट दाखवत होते. सगळ्यांत मोठ्यानं मीच.

अक्का म्हणाली, "लांडगं म्या लय बघितलं. ते एक उचलतं, जातं, खातं. त्याची बी लेकरं असत्यात. ही खाईत बी न्हाईत. ही फाडत्यात आन् सोडत्यात."

ते खरं होतं. नंतरच्या महिन्यांत वस्त्यांवस्त्यांवर तेच दिसायचं. पाय धरून ओढलेलं कोकरू, मागून उघडं केलेलं, जिवंत. मालकीण त्याच्या डोक्याशी बसलेली, कसायाची वाट बघत. रडणं वगैरे नसायचं. नुसतं बसणं.

देवळात बैठक झाली. पलटणीतून पेन्शनीत आलेले एक जण होते, ते म्हणाले, गाडी बोलवा, नसबंदी करा, वाड्यांना तारेची जाळी लावा, मेलेलं जनावर उघड्यावर टाकू नका. बोलणं सरळ होतं, म्हणून कुणाला आवडलं नाही. गाडी एकदा आली. माणसं फासे घेऊन उतरली तशी टोळी डोंगराला लागली. राहिली ती घराघरांतली शेपटी हलवणारी. पेन्शनीतल्यांचाच कुत्रा पहिला गाडीत चढला, बिस्किटाच्या आशेनं. चार दिवसांनी तीच परत आणून सोडली. गाव हसलं. ते शेवटचं हसणं.

मग कुणीतरी म्हणालं, औषध घाला. विष म्हणायचं नसतं, औषध म्हणायचं. मटणाच्या तुकड्यांत भरायचं आणि ओढ्यात टाकायचं. पेन्शनीतले म्हणाले, कायद्यानं गुन्हा आहे, आणि कुणाचं काय मरेल सांगता यायचं नाही. बायकांच्या बाजूनं मी उभी राहिले. दयाळू बाई, मुंगीला साखर घालणारी. म्हणाले, "घाला. किती दिवस बघायचं?" मला तोवर काहीतरी कळायला लागलं होतं. ज्या टोळीची सगळे चर्चा करत होते तिच्यातल्या पुढच्या तीन-चार कुत्र्यांचा रंग तांबूस होता. मला ती मरायला हवी होती. मेली की मीही सुटले असते.

अक्का म्हणाली, "माजा कुत्रा मोकळा असतो."

"चार दीस बांधा की अक्का."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली.

तिचा कुत्रा काळा, थोराड. गळ्यात खिळ्यांचा पट्टा, म्हणजे दुसऱ्या जनावराला मानगूट धरता येऊ नये. त्याच्या जिवावर आमचा वाडा तोवर सुटला होता. टोळी दोनदा आली आणि दोनदा तो एकटा त्यांना ओढ्यापार घालवून आला. अक्कानं त्याला खुंट्याला बांधला. तो बांधलेलाच होता. पण कावळ्याला कुणी बांधलं नव्हतं. ओढ्यातला तुकडा कावळ्यानं आणला, आमच्या अंगणात खुंट्यापाशी टाकला, आणि शेजारी स्वतःही पडला. मी धुणं वाळत घालत होते. कुत्र्याचे पाय खरडायला लागले तेव्हा वळून पाहिलं. अक्कानं त्याला ताक पाजलं, तोंडात हात घालून ओकवायला बघितलं. तिच्या हाताला पट्ट्याचे खिळे लागून रक्त येत होतं आणि तो तिच्या मांडीवर ताठ होत गेला.

टोळीतली किती मेली? ओढ्यात दोन सापडली. दोन्ही म्हातारी.

नवा कुत्रा तयार व्हायला वर्ष जातं. तोवर आम्ही दोघी राखण करत होतो. पेन्शनीतल्यांनी सांगितलेली तारेची जाळी अक्कानं आणायची ठरवली होती, पण आमची तेव्हा सुतळीची वाघरच होती, मेंढरं आत राहावीत म्हणून केलेली, बाहेरचं आत येऊ नये म्हणून नव्हे. तिच्याभोवती काटे रचले. एकीनं चरायला न्यायचं, एकीनं घर बघायचं. अक्का जेवतानाही वाड्याकडं तोंड करून जेवायची.

पौर्णिमा आली. अक्काचा यमाईला नेम होता, वर्षातून एकदा औंधाला जायचं. त्या वर्षी ती नको म्हणत होती. मीच म्हणाले, "जावा. येरवाळी निघा, दुपारपर्यंत याल. मेंढरं मी वाड्यातच ठेवते, पाला टाकते. मी हाय की."

"तू हायस," ती म्हणाली. टोचून म्हणाली की विश्वासानं, ते मला आजवर कळलेलं नाही.

ती गेली आणि ऊन चढल्यावर एक मेंढी कण्हायला लागली. पहिलटकरीण. मी वाड्यात गेले, अक्का करते तसं सगळं केलं. कोकरू धडधाकट निघालं. ते आणि आधीची दोन लहानगी मी डालग्याखाली ठेवली, मोठ्यांच्या पायांखाली येऊ नयेत म्हणून. वार पडली. पाटीत घेतली. आणि, खरं सांगते, त्या दिवशी मी ती पुरायची असंच ठरवलं होतं. खोरं घेतलं, कुदळ घेतली, बाभळीशी गेले. माझ्याच खोट्या समाध्यांमधे जागा शोधली आणि खणायला लागले. ढोपरभर खोल. एवढा खोल आयुष्यात पहिल्यांदा.

खणता खणता मान वर केली, तर तांबूस कुत्री समोर. शेपटी हलवत. फाटका कान, तोंडाभोवती पांढरं झालेलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, माझ्या हाताकडं बघत होती. पाटीकडं. तिच्यामागं बाकीची होती, पण ती माझ्याकडं आली नाहीत. ती सरळ वाड्याकडं गेली. घाई नाही, भुंकणं नाही. जेवायची हाक आली की घरातली माणसं जातात तशी. वास तिथून यायचा, हे त्यांना डोळे उघडायच्या आधीपासून ठाऊक होतं.

मी ओरडत धावले. तोवर एक काट्यांवरून आत गेलं होतं, आणि वाघर एका बाजूनं पडली तशी सगळी. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. भ्यालेली मेंढरं ओरडत नाहीत, हे लोकांना माहीत नसतं. शेळी ओरडते. मेंढरू गप्प राहतं आणि दुसऱ्याच्या अंगात शिरायला बघतं. सगळा कळप कोपऱ्यात शिरला, एकावर एक, भिंतीसारखा. वरची कुत्री फाडत होती आणि खालची नुसत्या दाबानं मरत होती. मी खोऱ्यानं हाणत होते. एकाचा पाय मोडला, त्यानं सोडलं नाही. शेजारीण आली, तिचा दीर आला, कुऱ्हाड, दगड, पत्र्याचा डबा. मग ती गेली. जशी आली तशी, घाई न करता. तोंडं लाल झालेली.

तांबूस कुत्री आत आलीच नव्हती. ती बाभळीशी पाटी चाटत होती.

अक्का दुपारच्या एसटीनं आली. फाट्यावरून चालत, ओटीत नारळ आणि कुंकू. लांबूनच तिला माणसं दिसली असणार, कारण ती भरभर चालायला लागली आणि मग एकदम हळू. वाड्याच्या तोंडाशी थांबली. नारळ खाली ठेवला, पदर खोचला, आणि कामाला लागली. तेवढं माझ्या ध्यानात राहिलं आहे. ढिगातून एकेक ओढून बाजूला. मेलेलं इकडं. जगेलसं तिकडं. आणि तिसरीकडं ज्यांच्या मानेवरून तिनं नुसता हात फिरवला आणि शेजारणीच्या दिरानं बोलावलेल्या कसायाला खूण केली. तिसरी रांग वाढत गेली. दुसरीत शेवटी कुणी उरलं नाही. एका मेंढीच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. लोकरीवर कुंकवासारखा एक ठिपका, तोही दुसरीचा. ती दाबूनच गेली होती. सकाळचीच पहिलटकरीण.

डालगं उचललं तर खाली तिन्ही कोकरं जिवंत. दूध शोधत तोंडं वर करून.

जेसीबी आला संध्याकाळच्या आत. चालवणारा खड्डा घेऊन थांबला तेव्हा अक्का कडेला येऊन आत डोकावली. म्हणाली, "आनखी खोल घे. कुत्री उकरत्यात."

तिथं, त्या खड्ड्याच्या कडेला, मी तिला सांगितलं. शिऱ्यापासून दगडांपर्यंत सगळं. यंत्राचा आवाज चालू होता, त्यामुळं मला जवळजवळ ओरडून सांगावं लागलं, आणि सांगताना माझं मलाच ऐकू येत होतं की हे किती पोरकट आहे. आळस आला म्हणून. हात दुखतो म्हणून. लोक दयाळू म्हणावेत म्हणून. अक्कानं सगळं ऐकलं की नाही कळलं नाही. ती खड्ड्यात बघत होती. मग तिनं वाकून एक दगड उचलला, हातात तोलून बघितला, आणि खाली ठेवला.

कोकरांना ती बाटलीनं दूध पाजत राहिली. एक जगलं. पुढच्या सणाला मुलाचा फोन आला नाही, तो स्वतःच आला. अंगणात बसला, इकडं तिकडं बघितलं. म्हणाला, "आई, आता चल." तिनं तोंड उघडलं. मी समोरच्या दारात उभी होते, तिच्या ओठांवर ते नेहमीचं वाक्य आलेलं मला दिसलं. मेंढरं कोण बघंल. तिनं तोंड मिटलं आणि ट्रंक आणायला आत गेली. ते एक कोकरू ती शेजारणीला देऊन गेली. मला दिलं नाही.

ती गेल्यावर थोड्या दिवसांनी तांबूस कुत्री माझ्या दारात आली. मी दार लावून घेतलं. आतून मला तिची नखं दारावर वाजताना ऐकू येत होती. बराच वेळ वाजली.

आता आमच्या गावात तारेच्या जाळ्या झाल्यात. नसबंदीची गाडी वर्षातून दोनदा येते, आणि आता डोंगरापर्यंत जाते. ओढ्यात कुणी मेलेलं टाकलं तर मी त्याच्या दारात जाऊन असा तमाशा करते की पुढच्या वेळी तो खड्डा घेतो. कुणाची मेंढी-शेळी व्याली कळलं की काठी टेकत जाते आणि खड्डा किती खोल आहे ते काठी आत घालून बघते. वस्तीवरच्या सुना कुरकुरतात. पोरं मला वारेची म्हातारी म्हणतात. म्हणू देत. टोळी मात्र अजून आहे, पिढी बदलली एवढंच. रंग तोच.

अक्काला मी फोन करते. पहिली दोन वर्षं ती नातवाकडंच फोन द्यायची. मग बोलायला लागली. काय जेवलीस, पाऊस हाय का, शेजारणीचं कोकरू केवडं झालं. त्या कळपाचं नाव ती घेत नाही, मीही नाही. गेल्या सणाला माझ्याच्यानं राहवलं नाही. विचारलं, "अक्का, माझा राग हाय का अजून?" पलीकडं टीव्ही चालला होता. तिनं कुणाला तरी तो बारीक करायला सांगितला. मग म्हणाली:

"रागाचं काय घिऊन बसलीस? हितं बी कुत्री लय हायती गं. भुकाय लागली की मी उटून बसती, हातानं काठी चाचपती. मग सून म्हनती, आत्या, झोपा, काय न्हाई. आन् खरंच काय न्हाई."